ज्याची फीत कापता येत नाही

बडोद्याला पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की कार्यक्रम ठरलेलाच असतो. पहिल्या दिवशी पहाटे निघून सरदार पटेलांचा पुतळा पाहायला केवडिया, रात्री उशिरा परत. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीविलास राजवाडा, जाताना लीलो चिवडा आणि भाकरवडीची पाकिटं. सुट्टी लांबली आणि बरोबर मुलं असली तर वॉटर पार्क. तांबेकर वाडा या यादीत कधीच नसतो. रावपुऱ्यातून रमतगमत चालत जाण्याएवढ्या अंतरावर दिवाण भाऊ तांबेकरांचा लाकडी वाडा उभा आहे. त्याच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रं आहेत: कृष्णलीला, महाभारतातले प्रसंग, मराठे आणि इंग्रजांच्या लढाया, मधूनच झगा घातलेली एखादी मडमही. बडोद्यात जन्म काढलेल्या कित्येक मराठी घरांनाही हे नुसतं ऐकून माहीत असतं. पाहुण्यांना दोष देऊन काय उपयोग? यजमान जे दाखवील ते पाहुणा पाहणार. प्रश्न यजमानाचा आहे, म्हणजे शहराचा. दाखवण्याजोगं काय आणि पैसे खर्च करण्याजोगं काय, हे बडोद्यात कोण आणि कशावरून ठरवतं?

या विषयावरचा वाद बहुतेक वेळा निसर्ग आणि वारसा एकीकडे, कृत्रिम आकर्षणं दुसरीकडे, असा मांडला जातो. पहिलं पवित्र आणि दुसरं बाजारू, हे गृहीतच. बडोद्यापुरती तरी ही वाटणी टिकत नाही. कमाटीबाग ही १८७९ साली आखून-रेखून केलेली बाग आहे. (सयाजीरावांना कारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले १८८१ मध्ये, म्हणजे बागेच्या श्रेयातला वाटा दिवाण टी. माधवरावांकडेही जायला हवा. आपण बडोदेकर मराठी माणसं सगळंच महाराजांच्या खात्यावर जमा करून मोकळे होतो.) सूरसागर हा दगडी काठ बांधून काढलेला तलाव. आजव्याचं सयाजी सरोवर म्हणजे धरणामागे अडवलेलं पाणी. डभोईजवळच्या वढवाणा तलावावर हिवाळ्यात हजारोंनी पक्षी उतरतात, २०२१ मध्ये त्याचं नाव जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. पण तो गायकवाडी राज्याने शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव आहे. हिमालय ओलांडून येणाऱ्या हंसांना तो माणसाने केला की देवाने, याच्याशी काही देणंघेणं नसतं.

म्हणजे माणसाने केलं म्हणून ते वाईट, हा युक्तिवाद बडोदेकराने तरी करू नये. माझ्या मते पारख वेगळ्या ठिकाणी आहे. तिकिटाखेरीज त्या गोष्टीला दुसरं काही काम आहे का, हे विचारावं. आजवा बांधला तो शहराला नळाचं पाणी मिळावं म्हणून. तिथे सहलीला जाणं नंतर आलं. वढवाणा शेतांसाठी. कमाटीबागेतलं संग्रहालय १८९४ मध्ये उघडलं ते रयतेने जग पाहावं म्हणून. मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या देवमाशाचा अवाढव्य सांगाडा आजही तिथे आहे, आणि तो पाहून तोंड उघडं न टाकलेलं मूल मी तरी पाहिलेलं नाही. या सगळ्या जागांना आधी काम होतं, गंमत मागून आली. आता क्रम उलटा झाला आहे. आधी आकर्षण ठरतं, मग त्यासाठी जागा शोधली जाते, आणि त्या जागेचं आधीचं काम काय होतं हे विचारायला कुणाला वेळ नसतो.

हरणीचं उदाहरण घ्यावंच लागेल. मोटनाथ महादेवाजवळचा तो तलाव महापालिकेने खासगी भागीदारीत ‘लेक झोन’ म्हणून विकसित करायला दिला. १८ जानेवारी २०२४ रोजी तिथे शाळेच्या सहलीची होडी उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि ठेका कसा दिला गेला यावरून महापालिकेला धारेवर धरलं. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल की या शहरात हे पहिल्यांदा घडलेलं नव्हतं. १९९३ च्या ऑगस्टमध्ये सूरसागरात होडी उलटून बावीस जण बुडाले होते. तीस वर्षांत शहराने त्यातून काय जपून ठेवलं? काहीच नाही, कारण जपून ठेवणं हे कुणाचं कामच नाही. ठेका देणाऱ्यांच्या बदल्या होतात, नगरसेवक बदलतात, ठेकेदाराचं नाव बदलतं. फायलीत उरतो तो महसुलाचा अंदाज.

हा अपघात काही ‘कृत्रिमपणा’ने घडवला नाही. होड्या जगभर चालतात. पण ज्या व्यवस्थेत एखाद्या तलावाकडे केवळ तिकीटखिडकी म्हणून पाहिलं जातं, तिथे होडीची डागडुजी, जॅकेटांची संख्या, होडी हाकणाऱ्याचं प्रशिक्षण हे सगळं ‘खर्च’ या रकान्यात जातं, आणि खर्च कमी करणं हेच ठेकेदाराचं कौशल्य ठरतं. वारशाच्या बाबतीत नेमकं हेच होतं, फक्त तिथे माणसं मरत नाहीत म्हणून बातमी होत नाही.

आता विश्वामित्रीकडे येतो, कारण या वादात बडोद्याला जे म्हणता येतं ते क्वचितच दुसऱ्या एखाद्या शहराला म्हणता येईल. पावागडाच्या डोंगरातून निघणारी ही छोटी नदी शहराच्या मधोमध नागमोडी वाहते, आणि तिच्यात मगरी राहतात. पिंजऱ्यातल्या नव्हेत, मोकळ्या. २०२५ च्या गणनेत त्यांची संख्या चारशेच्या वर भरली. वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाला जो दर्जा आहे तोच मगरीला. काळाघोड्याच्या पुलावर स्कूटर उभी करून कठड्यावरून वाकलेली माणसं पाहिली की समजावं, खाली एखादं धूड ऊन खात पडलं आहे. ना तिकीट, ना वेळापत्रक. दहा-वीस लाख वस्तीच्या शहरात, बाजारपेठेपासून हाकेच्या अंतरावर एवढ्या मगरी मोकळ्या राहतात, हे ऐकून परदेशातले प्राणिशास्त्रज्ञ इथे येतात. आपण मात्र नदीवरून जाताना नाकाला रुमाल लावतो. त्यात चूक नदीची नाही, तिच्यात सोडलेल्या सांडपाण्याची आहे.

मगरीची गरज फार मोठी नसते. तिला उतरता मातीचा काठ लागतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाण्याच्या पातळीपेक्षा वर, कोरड्या मातीत ती खड्डा करून अंडी घालते. पावसाळ्याच्या तोंडावर पिल्लं बाहेर येतात. त्याच काठात ती बिळंही करते. नदीच्या दोन्ही बाजूंना कोतरं आहेत, बाभळी-गवताने भरलेले ओबडधोबड घळ्यांचे पट्टे. पाहणाऱ्याला ती पडीक जमीन वाटते. पुराच्या वेळी नदी ज्या जागेत पसरते ती हीच जागा. साबरमतीच्या धर्तीवर विश्वामित्रीलाही ‘रिव्हरफ्रंट’ द्यावा, ही कल्पना पुढे आली तेव्हा नकाशावर कोतरांच्या जागी फरसबंद वाटा, कारंजी, दुकानं दिसत होती. काही नागरिक राष्ट्रीय हरित लवादात गेले. २०१६ मध्ये लवादाने पर्यावरणाची परवानगी मिळेपर्यंत काम थांबवलं, आणि २०२१ च्या निकालात नदीची हद्द आखा, अतिक्रमणं काढा, असं सांगितलं. लवादात जाणारे हे नागरिक विकासाचे शत्रू आहेत, असं तेव्हा पुष्कळ लोक म्हणत होते. दांडिया बाजारातल्या कट्ट्यांवर मीही ते ऐकलं आहे.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळजवळ पाचशे मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी काळाघोड्यापाशी पस्तीस फुटांच्या वर गेली; धोक्याची खूण आहे सव्वीस फुटांवर. सोसायट्यांमध्ये तळमजले बुडाले, दिवसेंदिवस वीज नव्हती, आणि मगरी रस्त्यावर आल्या. देशभरच्या वाहिन्यांनी मगरींची चित्रं दाखवली, जणू शहरावर त्याच चालून आल्या होत्या. खरं पाहता त्या स्वतःच्याच घरातून वाहून आल्या होत्या, त्यांच्या घराच्या अंगणात आपण पार्किंग केलं होतं. कोतरं बुजवली गेली, तलावांवर भराव पडले, नाले झाकले गेले. पाण्याने आपली जुनी वाट शोधली. ज्याला आपण ‘निसर्ग-वारसा’ असं भारदस्त नाव देतो, ती गोष्ट या शहरात पुरापासून वाचवणारी यंत्रणा होती. तिची किंमत सौंदर्याच्या हिशेबात लावायची गरजच नाही. बुडालेल्या फ्रिज-गाड्यांच्या विम्याच्या हिशेबात लावली तरी पुरते.

पुरानंतर आता नदी रुंद आणि खोल करण्याची मोठी कामं झाली. ती किती टिकतील हे दोन-चार पावसाळे सांगतील. माझी शंका निराळी आहे. गाळ काढून झाल्यावर मोकळ्या दिसणाऱ्या काठाकडे पाहून पुन्हा कुणाला तरी कारंजी आठवतील.

केवडियाबद्दल लिहिताना माणूस आपोआप सावध होतो, कारण पुतळ्यावर बोललं की ते सरदारांवर बोललं असं धरलं जातं. मला वल्लभभाईंबद्दल आदर आहे, आणि १८२ मीटरचा पुतळा उभा करणं ही अभियंत्यांची मोठी करामत आहे हेही मान्य. गर्दी होते, आसपासच्या हॉटेलांना, टॅक्सीवाल्यांना धंदा मिळतो. पण पुतळ्याभोवती जे उभं राहत गेलं त्यातली दोन उदाहरणं बघा. २०१९ च्या जानेवारीत सरदार सरोवरालगतच्या एका तलावातून मगरी पकडून दुसरीकडे हलवायला सुरुवात झाली, कारण तिथे समुद्रविमान उतरवायचं होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये विमान थाटात सुरू झालं. पुढच्या वर्षी बंद पडलं. विमान गेलं, आणि ज्यांना त्याच्यासाठी उचललं होतं त्यांच्यासाठी कुणी समारंभ केला नाही.

दुसरं उदाहरण मला अधिक लागतं. १८६२ साली गायकवाडांच्या राज्यात मियागाम ते डभोई अशी अरुंद रुळांची गाडी धावली, सुरुवातीला चक्क बैलांनी ओढलेली. भारतातली ती पहिली नॅरोगेज. पुढे डभोई हे नॅरोगेजचं केवढं मोठं जंक्शन झालं. चांदोदला नर्मदेवर श्राद्धाला, स्नानाला जाणाऱ्या बडोद्याच्या कित्येक पिढ्या त्याच डुगडुगत्या डब्यांतून गेल्या. पुतळ्यापर्यंत रेल्वे न्यायची ठरल्यावर डभोई-चांदोद मार्ग ब्रॉडगेज झाला, केवडियापर्यंत वाढला, आणि जानेवारी २०२१ मध्ये काचेच्या छपराचा डबा लावून नव्या गाड्या सुरू झाल्या. ब्रॉडगेज नको होती असं मी म्हणत नाही. रोज जाणाऱ्या-येणाऱ्याला वेगाची गाडी हवीच. पण दार्जिलिंग, उटी, शिमल्याच्या छोट्या गाड्या जागतिक वारसा यादीत जातात, लोक पैसे मोजून त्यांत बसतात, आणि या देशातल्या सर्वांत जुन्या नॅरोगेजचा एखादा तुकडा चालता ठेवण्याचं पर्यटनाच्या नावाने हजारो कोटी ओतणाऱ्यांनी मनावर घेतलं नाही, याचं आश्चर्य वाटतं. पर्यटनाच्याच भाषेत बोलायचं तरी हा तोट्याचा सौदा झाला.

असं का होतं? मला सापडलेलं उत्तर फार साधं आहे. नव्या गोष्टीची फीत कापता येते, जुन्याच्या डागडुजीची येत नाही. जुन्या शहरातल्या मांडवीच्या मधोमध चार दरवाजांच्या वाटा जिथे मिळतात तिथला तो मंडप सुलतानांच्या काळातला, मराठ्यांनी दुरुस्त केलेला. २०२५ मध्ये त्याच्या खांबांना तडे गेले, टेकू लावावे लागले. तो तडा जाण्याआधी वीस वर्षं दरवर्षी थोडाथोडा चुना, थोडी विटांची बदली, पाण्याचा निचरा एवढं झालं असतं, तर त्याचा फोटो कोणत्याच वर्तमानपत्रात आला नसता. फोटो न येणाऱ्या कामाला अंदाजपत्रकात तरतूद मिळत नाही.

जिथे तरतूद मिळते तिथे निविदेचा नियम आडवा येतो. सगळ्यांत कमी दर त्याला काम. चुन्यात बांधलेली जुनी वीट श्वास घेते. आत शिरलेली ओल चुन्यातून हळूहळू बाहेर पडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात, वीट आतल्या आत भुगा होते. वरून मात्र भिंत चकचकीत दिसते आणि बिल पास होतं. चुना भिजवून, मुरवून, घोटून लावणारा गवंडी महाग पडतो, आणि आता मिळतही नाही, कारण त्याला काम देणारं कुणी उरलं नाही. वारसा जपायचा म्हणजे आधी हा गवंडी जगला पाहिजे. इथे बडोद्याला तर सबब नाही: विद्यापीठात पुरातत्त्वाचा विभाग आहे, १९५० पासून चालत आलेली ललित कलांची नावाजलेली विद्याशाखा आहे. चित्रकार नंदलाल बोस शांतिनिकेतनहून येऊन गायकवाडांच्या स्मारकाच्या, कीर्तिमंदिराच्या, भिंती रंगवून गेले, ते याच शहरात. जाणकार माणसं चार किलोमीटरच्या आत आहेत, त्यांना निविदेत बसवायची सोय तेवढी नाही.

समोरच्या बाजूचं एक म्हणणं खरं आहे आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही. वारशाबद्दल बोलणारे लोक बऱ्याचदा खाऊन-पिऊन सुखी असतात. वाघोडिया रोडच्या एखाद्या चाळीतल्या कुटुंबाला रविवारी मुलांना कुठे न्यायचं असेल, तर तांबेकर वाड्यातल्या भित्तिचित्रांसमोर ती मुलं दहा मिनिटं उभी राहणार नाहीत. त्यांना झोपाळा हवा, पाणी हवं, आइस्क्रीम हवं. त्यांचा तो हक्क आहे, आणि लेझर शो आवडतो म्हणून त्यांना कुणी हिणवू नये. पण मग त्याच कुटुंबाच्या बाजूने हिशेब मांडा. खासगी पार्कचं तिकीट माणशी किती, आणि कमाटीबागेत शिरायला किती? चौघांच्या कुटुंबाला परवडणारी या शहरातली सर्वांत मोठी करमणूक आजही ती जुनी बाग, तिथलं प्राणिसंग्रहालय आणि संग्रहालयच आहे. गरिबाच्या मुलाच्या नावाने नव्या प्रकल्पाची भलामण करायची, आणि त्याला परवडणाऱ्या जागेतली पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, बाकडी मोडकी ठेवायची, हा युक्तिवाद फार सोयीचा आहे.

आणि आपलं काय? बडोद्यातल्या मराठी माणसाला गायकवाडीचा अभिमान भरभरून आहे. १९०९ पासून २०१८ पर्यंत साहित्य संमेलनं इथे झाली. प्रत्येक वेळी सयाजीरावांच्या दूरदृष्टीवर भाषणं झाली. त्याच काळात जुन्या शहरातले आपलेच वाडे एकेक करून बिल्डरला गेले. भाऊबंदकी, कोर्टकज्जे, मुलं अमेरिकेत, दुरुस्तीचा खर्च पेन्शनीत न बसणारा. कारणं खरी आहेत, कुणाला नावं ठेवावीत अशी परिस्थिती नव्हती. पण कोरीव तुळई भंगारात विकून तिच्या पैशातून लग्नाच्या हॉलमध्ये थर्माकोलचा ‘पेशवाई’ देखावा उभारणारे आपणच असू, तर महापालिकेला शहाणपण शिकवताना आवाज जरा बेतानेच लावावा. घरमालकांना जुनी इमारत टिकवण्यासाठी घरपट्टीत सूट, चुन्याच्या कामासाठी अनुदान, वाड्यात छोटं खानावळ-वसतिस्थान चालवायला सोपा परवाना, एवढं मिळालं असतं तर त्यातले काही वाचले असते. हे मागायला तेव्हाही कुणी गेलं नाही.

सध्या सगळ्यांत ताजी कसोटी न्यायमंदिराची आहे. १८९६ मध्ये उभी राहिलेली, सूरसागराच्या काठाजवळची ती घुमटाची देखणी इमारत, महाराणी चिमणाबाईंच्या नावाची. सव्वाशे वर्षं ती वापरात होती म्हणून टिकली. पक्षकार, वकील, अर्ज लिहिणारे, चहावाले यांनी ती जिवंत ठेवली. २०१८ मध्ये न्यायालयं नव्या संकुलात गेली आणि इमारतीचं काम संपलं. तिचं संग्रहालय करावं असं बोललं जातं, आणि ते व्हायलाही हवं. मात्र आराखड्याचं पहिलं पान उघडेल तेव्हा त्यावर भिंतीवर नाचणारा प्रकाशखेळ आणि सेल्फीची चौकट असेल, तर त्याच बैठकीत कुणीतरी उठून विचारायला हवं की छपराची तपासणी कितव्या पानावर आहे, वायरिंग कधी बदलणार, चुन्याचं काम कोण करणार, आणि उद्घाटनानंतर दहा वर्षं दरसाल देखभालीला किती रक्कम वेगळी काढली आहे. तो आकडा शून्य असेल तर फीत कापण्याची तारीख पुढे ढकलावी.